रणपिसे मॅडम आणि शनिवारचे उंदीर

शनिवार, २२ जुलै. प्राचार्यांची खोली, सकाळी अकरा. उपस्थित: प्राचार्य डॉ. पाटणकर, अध्यक्ष. डॉ. बागवान, पशुवैद्य. डॉ. रणपिसे, औषधशास्त्र विभाग. श्री. शितोळे, संस्थेचे विश्वस्त. समितीचे सदस्य नाहीत, तरी आले आणि चहाही घेतला. मी, मोहिते, कार्यालय अधीक्षक, टिपणं घ्यायला. दाराबाहेरच्या बाकावर ऋतुजा, एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिला आत बोलावलं नव्हतं आणि घरीही जाऊ दिलं नव्हतं.

वारज्याच्या रस्त्यावर आमचं फार्मसी कॉलेज आहे. तिथल्या प्रयोगांत कोणते प्राणी, किती आणि कशासाठी वापरायचे हे ठरवणाऱ्या समितीची ही बैठक. एरवी या बैठका चहा गार व्हायच्या आत संपतात. त्या दिवशी रणपिसे मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "मोहितेबाई, लिहून घ्या. शंखपुष्पीच्या चाचणीचा निष्कर्ष चुकीचा आहे. चूक माझी आहे. निष्कर्ष मागे घ्यायचा आहे. चाचणी पुन्हा करायची आहे, त्यासाठी नवे उंदीर मंजूर करून हवे आहेत."

शितोळ्यांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. पाटणकर सर म्हणाले, "मॅडम, बसून बोलू या ना."

"चूक उभ्यानेच सांगितलेली बरी. बसलं की माणूस कारणं सांगायला लागतो."

मी लिहून घेतलं. त्या वाक्यापासून पुढे जे झालं ते सांगायचं तर आधी या बाई कोण होत्या ते सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणी हेच केलं असतं तर ते प्रकरण आठवड्यात मिटलं असतं.

बुटकी, काटक मूर्ती. केस मानेपर्यंत कापलेले. फिकी सुती साडी, वर ॲप्रन, पायात कापडी बूट. आवाज बारीक, पण वाक्य तोडून टाकल्यासारखं संपायचं. विद्यार्थ्यांना त्या 'अगं', 'अरे' करत. ज्याच्यावर चिडल्या त्याला मात्र 'आपण' म्हणत. "आपण आलात? उपकार झाले" हे ऐकलेला मुलगा पुढची दोन वर्षं वेळेवर येई. सगळ्या कॉलेजात त्यांनी सलग 'आपण' म्हटलेला एकच माणूस होता, पाटणकर सर. सरांना तो आदर वाटायचा.

कॉलेजच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, प्राणीगृह होतं. पांढरे उंदीर आणि थोडे ससे. तिथला कारभार मॅडमकडे. दारावर पाटी नव्हती, मॅडम स्वतःच पाटीसारख्या उभ्या असत. अत्तर लावलेल्याला प्रवेश नाही, पावडर लावलेल्याला नाही, उदबत्तीच्या खोलीतून आलेल्यालाही नाही. एकदा बाहेरगावाहून तपासणी समिती आली. त्यातल्या एक ज्येष्ठ बाई मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून आल्या होत्या. मॅडमनी दारातच काचेची बशी पुढे केली.

"गजरा इथे."

पाटणकर सर मागे घामाघूम. "मॅडम, पाहुण्या आहेत."

"म्हणून तर बशी दिली. नाहीतर कचऱ्याच्या डब्यात टाका म्हटलं असतं." मग त्या बाईंकडे वळून, अगदी सौम्यपणे, "उंदीर नाकाने जगतो. रोजच्या वासात तुमचा मोगरा शिरला की त्याला वाटतं काहीतरी नवं संकट आलं. मग आज तो जे काही करेल ते औषधामुळे की मोगऱ्यामुळे, हे मी कसं सांगू?"

बाईंनी निमूटपणे गजरा काढून बशीत ठेवला. अहवालात आमच्या प्राणीगृहाचं कौतुक आलं. सर ते वाक्य पुढे प्रत्येक भाषणात वाचून दाखवत, गजऱ्याचा उल्लेख टाळून.

नव्या विद्यार्थ्याला पहिले काही दिवस त्या सुई हातात घेऊ देत नसत. नुसता उंदीर धरायचा, खाली ठेवायचा, पुन्हा धरायचा. "आधी ओळख, मग सुई." मुलं कंटाळत. एका मुलाने उंदराला नाव ठेवलं तेव्हा मात्र त्याला 'आपण' ऐकावं लागलं. "नाव ठेवलंत की त्याच्याबद्दल आपण खरं लिहिणार नाही. चांगलं लिहाल."

एका वर्षी विद्यार्थी मंडळाच्या मनात आलं की प्रयोगात मेलेल्या प्राण्यांना श्रद्धांजली वाहावी. पांढऱ्या उंदराचा मोठा फोटो आणला, झेंडूचा हार आणला, दोन मिनिटं शांतता ठेवायची ठरली. मॅडम आल्या, फोटो पाहिला. म्हणाल्या, "दोन मिनिटं काढलीत ना? चला, पिंजरे धुवायचे आहेत." पोरांना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. सगळी मिरवणूक प्राणीगृहाच्या नळाशी गेली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिंजरे घासत होती. "फोटोला हार घातला की आपल्याला बरं वाटतं. कोरडा भुसा घातला की त्यांना बरं वाटतं. कुणाला बरं वाटायला हवंय ते आधी ठरवा."

दर रविवारी त्या येरवड्याच्या बुद्धविहारात मुलांना विज्ञान शिकवायला जात. तीन पिढ्यांचं बौद्ध घर. हे माहीत असलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने कॅंटीनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या धर्मात तर अहिंसा पहिली. मग रोज उंदीर कसे मारता?"

मॅडमनी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला, खाल्ला, मग उत्तर दिलं. "अहिंसा आहे. खोटं न बोलणंही आहे. पहिलं माझ्याकडून पुरतं पाळलं जात नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दुसऱ्यात सूट घेत नाही. तुमचं कसं आहे, सर? दोन्हीत सूट घेता की एकातच?"

सहकारी हसले. बाकीचे हसले नाहीत. मला ते उत्तर तेव्हा नुसता टोमणा वाटलं. जुलैतल्या त्या बैठकीनंतर कळलं की बाई आपला हिशेब सांगत होत्या. जनावराचा जीव घ्यायचा तर त्या बदल्यात निदान खरी गोष्ट हाती आली पाहिजे. जीवही घेतला आणि गोष्टही खोटी निघाली, तर त्यांच्या लेखी ती हत्या.

आता शंखपुष्पी.

शितोळ्यांच्या धाकट्या भावाचा सरबताचा कारखाना आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांचं मन शांत राहावं म्हणून शंखपुष्पीचा काढा साखरेत मुरवून ते बाटलीत भरतात. त्या काढ्याची चाचणी आमच्याकडे करायची ठरलं. ऋतुजाला प्रबंधाला विषय मिळाला, आणि काम नीट झालं तर कारखान्यात नोकरीही देऊ असं शितोळ्यांनी तिच्या वडिलांना सांगून टाकलं.

कारखान्याने वनस्पतीचा तयार सुका अर्क, पुडीत बांधून, पाठवला. मॅडमनी तो परत केला. "लोक पुडी पितात का? काढा पितात. मग उंदरालाही काढा. आणि ताजा." मग शंखपुष्पी आणायला त्या स्वतः कसबा पेठेत गेल्या. मला पावती लागते म्हणून मी बरोबर. गल्लीतल्या त्या वनौषधीच्या दुकानात म्हातारे मालक गादीवर बसून पेपर वाचत होते. मॅडमनी मूठभर वाळलेली पानं-फुलं उचलली, चुरडली, हुंगली, परत ठेवली. दुसऱ्या पोत्यात हात घातला.

मालक पेपरातून न बघता म्हणाले, "बाई, वास घेऊन बरं वाटलं असेल तर पैसे द्या आणि जा."

"अजून बरं वाटलेलं नाही. तिसरं पोतं उघडा."

"तिसरं घरच्यासाठी ठेवलंय."

"म्हणूनच ते उघडा."

मालकांनी पेपर घडी करून ठेवला, चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि तिसरं पोतं उघडलं. "कुणाला द्यायचंय?"

"उंदरांना."

"भाग्यवान आहेत," असं म्हणून त्यांनी तराजू उचलला. पावती मात्र मागून मागून मिळाली.

चाचणी अशी होती. लाकडाची एक मोठी फुली, जमिनीपासून उंचावर ठेवलेली. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो. ज्याचं मन जरा निवांत आहे तो उघड्या पट्टीवर येतो, कडेवरून खाली डोकावतो. काही उंदरांना काढा पाजायचा, काहींना नुसतं पाणी, आणि तासाभराने एकेकाला मंद उजेडात फुलीवर सोडून पाहायचं. संध्याकाळचं काम, कारण उंदराचा दिवस तेव्हा सुरू होतो.

काढा रोज ताजा हवा, हा मॅडमचा नियम. काढा करायची खोली शनिवार-रविवार बंद, हा कॉलेजचा नियम. दोन्ही नियम सांभाळून मॅडमनी वेळापत्रक आखलं: काढ्याचे उंदीर सोमवार ते शुक्रवार, पाण्याचे उंदीर शनिवार-रविवार. पाणी काय, केव्हाही ताजंच. ऋतुजाने तसंच केलं. निकाल डोळ्यांत भरावा असा आला. काढा प्यायलेले उंदीर उघड्या पट्टीवर बागेत आल्यासारखे हिंडत होते. पाणी प्यायलेले भिंतींना चिकटून. शितोळ्यांनी पेढे वाटले. संस्थेच्या संकेतस्थळावर बातमी चढली, आणि कारखान्याचं पत्रकही छापून आलं, त्यावर 'प्राण्यांवरील चाचणीत सिद्ध' असं ठळक अक्षरात.

त्यानंतरच्या शनिवारी ऋतुजाला ताप आला म्हणून उंदरांचं दाणापाणी बघायला मॅडम संध्याकाळी स्वतः आल्या. शनिवारी संध्याकाळी त्या एरवी येत नसत. मला घरी फोन आला.

"मोहितेबाई, मागचं मैदान कुणाला दिलंय?"

"ढोल पथकाला. गणपतीच्या सरावाला. जूनपासून, दर शनिवार-रविवार संध्याकाळी."

पलीकडून ढोल ऐकू येत होते, आणि त्याखाली एक बारीक किणकिण. मी विचारलं, हे काय वाजतंय. "पाण्याच्या बाटल्या," मॅडम म्हणाल्या. "पिंजऱ्याच्या जाळीवर थरथरताहेत. सगळे उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत."  मग म्हणाल्या, "पाण्याचे उंदीर घाबरट नव्हते हो. ते शनिवारचे होते."

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती, असं बागवान पुढे म्हणाले; आमच्याकडे पावसाळ्यात ढोल इतके ठरलेले की ऋतुजालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बैठकीत मॅडमनी हे सगळं उभ्यानेच सांगितलं. वेळापत्रक आपणच आखलं होतं, ऋतुजाचा यात काही दोष नाही, हे दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहून, म्हणजे लिहिलं जावं.

 शितोळे समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, एवढ्या तेवढ्या आवाजाने काय होतं? आम्ही पेठेत जन्मलो. ढोलाशिवाय झोप येत नव्हती."

"आपण फुलीवर बसला नव्हतात."

बागवान हसू दाबत म्हणाले, "नवे उंदीर द्यायला माझी हरकत नाही. पण मॅडम, या वेळी सगळं सोमवार ते शुक्रवारमध्ये उरका. शांत असतं."

"नको. शनिवार-रविवारीच करायचं. ढोल चालू असताना. काढा आणि पाणी, दोन्ही एकाच संध्याकाळी."

"म्हणजे मुद्दाम घाबरवायचं?"

"डॉक्टर, ते दर शनिवारी घाबरतच आहेत. आपण बघत नव्हतो एवढंच. आणि हे सरबत पिणार कोण? शांत बसलेल्याला शांत करून काय मिळवायचं? परीक्षेच्या पोराच्या घराखाली जे वाजत असतं ते वाजू द्या, आणि मग बघू काढा काय करतो. चाचणी झाली की प्राणीगृह तिथून हलवायचं. तेही लिहा, मोहितेबाई."

बागवानांनी विचार केला आणि मान हलवली. नवे उंदीर मंजूर झाले. पहिला निष्कर्ष मागे घेण्याचा विषय, दुसरा निकाल आल्यावर पाहू, असं म्हणून पाटणकर सरांनी पुढे ढकलला. मी लिहिलं: प्रलंबित. त्या शब्दाची आणि माझी ओळख पुढे फार वाढली.

पथकाच्या मैदानावर मॅडम गेल्या तेव्हा मीही गेले, कारण मैदानाचा करार माझ्या कपाटात असतो. पथकाची प्रमुख केतकी नावाची मुलगी, हिंजवडीला नोकरी करणारी, कमरेला ढोल बांधलेला. ॲप्रन घातलेल्या बाई येताना पाहूनच तिने ओळखलं की तक्रार आहे.

"काकू, परमिशन आहे आमच्याकडे. संस्थेचं लेटर आहे."

"काकू नाही, मॅडम. आणि मला ढोल बंद करायचे नाहीत."

केतकीने ढोल वाजवायचं टिपरू खाली घेतलं. "मग?"

"शनिवार-रविवारी ठरल्या वेळी सुरू करा. ठरल्या वेळी थांबवा. आणि ढोलांची संख्या बदलू नका. एका शनिवारी कमी, दुसऱ्या शनिवारी जास्त, असं चालणार नाही."

"मॅडम, आजवर सगळे येऊन कमी वाजवा म्हणतात. तुम्ही पहिल्याच. पण का?"

मॅडमनी तिला सगळं सांगितलं, फुलीपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत. केतकी ऐकत होती आणि तिच्या मागे पंधरा-वीस पोरं गोल करून उभी. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे टेस्टिंगला एन्व्हायर्नमेंट सेम पाहिजे. आम्ही ऑफिसात हेच बोंबलत असतो, कोणी ऐकत नाही." मग मागे वळून, "ऐका रे, या शनिवारपासून लेट यायचं नाही. उंदरांची एक्झाम आहे."

पोरं हसली. पण वेळ पाळली, हे मी लेखी देऊ शकते. पथकाच्या इतिहासात म्हणे पहिल्यांदाच.

शनिवार-रविवारी काढ्याची खोली उघडायला मी किल्ली घेऊन येत असे. मॅडम स्वतः काढा उकळत. उंदरांना पाजण्याचं काम बागवानांनी स्वतःकडे घेतलं, म्हणजे फुलीपाशी बसलेल्या ऋतुजाला कुणी काय प्यायलंय ते कळू नये. मी दारातून पाहत असे. मंद उजेड. फुलीच्या मध्यावर एक पांढरा ठिपका. बाहेर पहिला ठोका पडला की तो ठिपका जागीच गोठे, मग सरसर भिंतींच्या आडोशाला. पुढचा उंदीर. तोही तसाच. त्याच्या पुढचाही.

शेवटच्या रविवारनंतर बागवानांनी कुणाला काय पाजलं होतं ते सांगितलं आणि तिघांनी जुळवून पाहिलं. काढा आणि पाणी यांत काहीही फरक नव्हता. ऋतुजा खुर्चीवर बसून राहिली. तिच्या वडिलांनी नोकरीची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकली होती.

मॅडम म्हणाल्या, "काय गं, उंदीर तुझी नोकरी बघून वागतील असं वाटलं होतं?"

"नाही मॅडम. पण आता प्रबंधात काय लिहू?"

"तू काय पाहिलंस?"

"आधी फरक पाहिला. मग पाहिला नाही."

"मग तसं लिही. आणि आधी का दिसला तेही लिही. वेळापत्रक माझं होतं हे लिहायला घाबरू नकोस, माझं नाव घालून लिही."

ऋतुजाने डोळे पुसले आणि विचारलं, "मला पास करतील?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. एवढंच. खोटा धीर देण्यातही त्या सूट घेत नसत.

शितोळे स्वतः प्राणीगृहात आले. अत्तर लावून आले होते म्हणून बोलणं बाहेर, नळापाशी झालं. मी मैदानाच्या बिलाच्या निमित्ताने तिथे होते.

"मॅडम, पहिला निकाल काय वाईट होता?"

"छान होता. खोटा होता."

"खोटा कशाला म्हणता? वेगळा म्हणा. दोन निकाल आहेत. एक आम्ही वापरू, एक तुमच्याकडे राहू द्या." मग त्यांचा आवाज बदलला. "मी माझ्या नातवाला रोज देतो ते सरबत. दहावीला आहे. रात्री दचकून उठायचा. आता झोपतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मॅडम. तेही खोटं?"

 शितोळे खरं बोलत होते, हे मॅडमनाही दिसत होतं. "ते खोटं नाही. शंखपुष्पीचा उपयोग होत नाही, असं मी म्हटलेलं नाही. कदाचित दुसऱ्या चाचणीत दिसेल, कदाचित उंदरात दिसणारच नाही. मी एवढंच म्हणते की आमच्या उंदरांनी तसं सांगितलेलं नाही. पत्रकावर नातवाचं नाव छापा. उंदरांचं नको."

"तुमची दोन वर्षं राहिली ना नोकरीची?"

"हो. आणि दोन वर्षांत बरंच काम होतं."

आठवड्याने आदेश निघाला. प्राणीगृहाचा कार्यभार डॉ. रणपिसे यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे. आदेशाचा मसुदा माझ्या टेबलावरून गेला. किल्ल्या द्यायला मॅडम आल्या तेव्हा मी म्हटलं, "वाईट झालं." त्या म्हणाल्या, "समितीतून काढलं का?" मी म्हटलं, तसं आदेशात नाही, सदस्य तुम्ही आहातच. "मग पुढच्या बैठकीचा विषय लिहून घ्या. पहिला निष्कर्ष मागे घेणे."

ऋतुजाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी ढोलाचं प्रकरण दोनदा वाचलं, तिला ते फळ्यावर काढून दाखवायला लावलं आणि शेवटी विचारलं, मैदान अजून पथकाकडेच आहे का. ती पास झाली. शितोळ्यांच्या भावाकडे गेली नाही. त्यांनी बोलावलंही नाही. आता चाकणला एका कंपनीत आहे. प्राणीगृह वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला हललं. नवे उंदीर सोडले तर बैठकीतल्या ठरावाची तेवढी एक ओळ अमलात आली.

निष्कर्ष मागे घ्यायला मात्र अध्यक्षांची सही लागते. पाटणकर सर तो विषय आला की चष्मा काढून पुसत. "पुढच्या बैठकीत घेऊ." मॅडम म्हणत, "ठीक. पुढच्या बैठकीत." आवाज चढवला नाही, की रुसून बैठक सोडली नाही. दर वेळी तेच वाक्य, त्याच सुरात, आणि मग माझ्याकडे पाहणं. मी लिहीत असे. एकदा सर वैतागून म्हणाले, "मॅडम, कंटाळा कसा येत नाही हो तुम्हाला?"

"आपल्याला आला का? मग सही करून टाका."

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, शितोळे चांगलं बोलले, गजऱ्याची गोष्टही कुणीतरी सांगितली. मॅडमना दोन शब्द बोला म्हणाले. त्या माइकपाशी गेल्या, माइक खाली ओढला. "भाषण नाही. समितीपुढचा एक विषय अजून तसाच आहे. मी उद्यापासून नसेन. विषय असेल." आणि जागेवर येऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे सभागृहाला कळेना. शेवटी मागच्या रांगेतून सुरू झाल्या. तिथे ढोल पथकाची चार-पाच पोरं बसली होती, त्यांना कोणी बोलावलं होतं कुणास ठाऊक.

त्यानंतर मॅडम भोरला भावाकडे राहायला गेल्या. मला शेवटच्या दिसल्या त्या स्वारगेटला. मी साताऱ्याला भाचीच्या केळवणाला निघाले होते. भोरच्या गाडीच्या रांगेत कापडी बूट दिसले आणि मी ओळखलं. हातात दोन पिशव्या, एकीतून शाळेच्या मुलांसाठी घेतलेली भिंगं डोकावत होती. कशा आहात वगैरे काही नाही.

"मोहितेबाई, विषय कितवा आहे?"

"तिसरा होता. आता पहिला केलाय."

"कुणाला विचारून?"

"कार्यसूची मी काढते."

मॅडम हसल्या, चांगल्या मोकळ्या हसल्या. इतक्या वर्षांत मी ते फारसं पाहिलं नव्हतं. "सही?"

"पाटणकर सर निवृत्त झाले. नव्या प्राचार्यबाई आल्यात. त्या म्हणतात, मला या विषयाची पार्श्वभूमी माहीत नाही, ज्यांचा विषय आहे त्या बाईही आता नाहीत, तर काढून टाकू."

"विषय माझा कधी होता? पत्रकावर उंदीर आहेत." गाडी लागली. रांग हलली. पिशव्या सांभाळत त्या पायरीवर चढल्या, तिथूनच वळल्या, मागचा माणूस खोळंबला तरी. "पार्श्वभूमी माहीत नाही म्हणतात ना? मग सांगा. तोंडी नको, लेखी सांगा. पहिल्यापासून. माझी चूक वगळू नका."

खिडकीपाशी जागा मिळाली तशी त्यांनी शेजारच्या बाईला काहीतरी सांगायला सुरुवात केली. बहुधा अत्तराबद्दल, कारण त्या बाईने पदर नाकाशी नेऊन हुंगला. गाडी वळून निघून गेली.

पार्श्वभूमी लिहून झाली. चूक वगळलेली नाही. संकेतस्थळावर बातमी अजून आहे, पत्रकाची नवी आवृत्तीही आली आहे, त्याच ठळक अक्षरांत. येत्या बैठकीची कार्यसूची मी काल लावली. विषय पहिला: शंखपुष्पीच्या चाचणीचा पहिला निष्कर्ष मागे घेणे. सोबत: हा मजकूर. अध्यक्षांची सही: बाकी.